जेलीफिश अडकला

"अगं सुनेत्रा, तुमचा जेलीफिश अडकला," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मी तेव्हा बाहेरच्या खोलीत निनादच्या पाठीमागे एका हातात स्टीलचं ताट आणि दुसऱ्या हातात डाव घेऊन श्वास रोखून उभी होते, त्यामुळे लगेच हलता आलं नाही. निनाद आठ महिन्यांचा होता. सतरंजीवर बसून तो स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होता. त्याला माझी सावली दिसू नये म्हणून मी खिडकीची बाजू टाळली होती, आणि हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. मी डाव हाणला.

असा काही आवाज झाला की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. निनादनं शांतपणे अंगठा तोंडात घातला.

"आता काय पडलं?" आतून सासूबाई.

"ताट, आई."

"सकाळपासून ताटंच पाडतेयस. हाताला तेल लागलंय का? आणि त्या जेलीफिशला टक दे की, डोकं उठलं."

मी रेकॉर्ड प्लेअरपाशी गेले आणि झाकणावर बोटाच्या पेरानं टक केलं. सुई पुढे सरकली.

ही रेकॉर्ड माझ्या दिरांनी, अनंतभावजींनी, अमेरिकेहून पाठवली होती. कॅलिफोर्नियातल्या 'द पोलाइट व्होल्केनो' नावाच्या बँडची, 'टी विथ अ जेलीफिश' नावाची. वेष्टनावर एक जांभळा जेलीफिश सहा-सात हातांत कपबशा धरून बसलेला, मागच्या आकाशाला डोळे फुटलेले, आणि अक्षरं सगळी मेणबत्तीसारखी ओघळलेली. सासूबाईंनी ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "छापखान्यात पाणी शिरलं असणार." आणि नावाचा अर्थ सांगितल्यावर, "जेलीफिशबरोबर चहा? मासा कशाला चहा पिईल?"

"तोच विचार करायचा असतो, आई," माझा नवरा मुकुंद म्हणाला होता.

"तो विचार करायला इथं कोणाला वेळ आहे?" असं म्हणून त्या आत गेल्या. पण कोणतीही परदेशी वस्तू वाया जाऊ द्यायची नाही या तत्त्वावर ती रेकॉर्ड आमच्याकडे रोज लागायची. त्यात सतार होती, पाण्याचे बुडबुडे होते, एक माणूस विनाकारण हसत होता आणि गिटार उलटी वाजत होती. पोस्टातून येतानाच तिच्या दुसऱ्या बाजूला एक ओरखडा पडला होता. शेवटच्या लांबलचक गाण्यात जेलीफिश चहा संपवून समुद्राच्या तळाकडे निघतो. बरोबर तिथे सुई अडकायची आणि "टिंग डिडी डुम, टिंग डिडी डुम" असं चालू राहायचं. मग घरातून जाणारायेणारा झाकणाला टक द्यायचा, देवळात शिरताना घंटेला हात लावतो तसा. टक दिली की जेलीफिश तळाला पोचायचा. तिथे एकदम सगळं गप्प. आता रेकॉर्ड संपली असं वाटून माणूस उठायला लागला, की सगळी वाद्यं एकदम अंगावर यायची.

निनादला ही रेकॉर्ड आवडायची का? ते मला सांगता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. त्याला काही ऐकू येतं का, हेच मला कळत नव्हतं.

कुकरच्या शिट्टीला तो दचकत नसे. दारावरच्या घंटेला नाही. मागून हाक मारली तर नाही. पुढून मारली की तोंडभर हसायचा, पण ते माझ्या हलणाऱ्या ओठांना असेल. शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती शांत हो बाळ, कश्शाला घाबरत नाही." सासूबाईंना त्याचं भारी कौतुक. "माझा वाघ आहे तो," म्हणायच्या. ते ऐकून मी निनादच्या मागे आणखी एकदा टाळी वाजवून बघायची. बारशाला 'निनाद' हे नाव मीच सुचवलं होतं. तेही मनाला लागून राहिलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी, "लहान आहे, बघू अजून," म्हणून घालवून दिलं. मग मी मुकुंदच्या मागे लागून पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. भावजींचं लग्न रविवारी, आम्ही सोमवारी पुण्याला. सासूबाईंना यातलं काही सांगितलं नव्हतं. लग्नघरात त्यांच्या जिवाला आणखी घोर नको, असं मुकुंद म्हणाला. खरं म्हणजे ते शब्द मोठ्यानं उच्चारायची माझीच हिंमत नव्हती.

"तू सारखी परीक्षा घेतेस त्याची," मुकुंद म्हणायचा. "कंटाळत असेल."

"आठ महिन्यांचं मूल कंटाळत नाही."

"माझे विद्यार्थी पहिल्या तासाला कंटाळतात." तो इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे विद्यार्थ्यांचा एक दाखला असायचा. पण रात्री तो निनादच्या कानाशी हळूच चुटक्या वाजवताना मी पाहिलं होतं.

आता आम्ही राहायचो कुठे ते सांगायला हवं. कराडात, दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर 'न्यू तुफान ब्रास बँड' होता. जुना तुफान कुठे गेला ते कोणाला माहीत नव्हतं. मालक आणि क्लॅरिनेट वाजवणारे दिलावर मास्तर. अंगानं बारीक, मिशी मोठी, आणि लाल कोटाची बटणं तालमीलाही गळ्यापर्यंत लावलेली. तालीम सकाळी सुरू व्हायची. संपायची कधी, ते मात्र सांगता यायचं नाही, कारण ती एकदम थांबत नसे. आधी मोठी वाद्यं जायची, मग एखादा ट्रम्पेटवाला अवघड जागा घोटत बसायचा, मग कोणीतरी नुसताच ढोलावर बोटं वाजवत चहाची वाट बघायचा. आवाज विरत विरत जायचा, दुधावरची वाफ जाते तसा. भाडं कमी होतं ते त्यामुळेच. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की पाहुणे ओरडून बोलायला लागले की आम्हाला वाटायचं, हे का ओरडतायत.

लग्नाच्या पंधरवडाभर आधी भावजी अमेरिकेहून आले. केस खांद्यापर्यंत. सासूबाईंनी ओवाळायचं तबक तसंच हातात धरून आधी विचारलं, "हे लग्नाआधी कापणार, की लग्नात वेणी घालायची?"

भावजींनी केस कापले, पण त्या बदल्यात एक अट घातली.

"माझ्या मिरवणुकीत नेहमीची सिनेमाची गाणी नकोत. पोलाइट व्होल्केनो पाहिजे. दुसरी बाजू."

"अरे, ती घोडी बिथरेल," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाच वर्षं मी तिकडे एका खोलीत बसून ती रेकॉर्ड ऐकलीय. बर्फ पडायचा. तुमच्या कोणाचा आवाज नाही, काही नाही. तेव्हाच ठरवलं होतं, लग्न होईल तर हिच्यावर."

मुकुंदनं मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, "क्यासेट द्या. माणसानं वाजवलं आसंल तर माणूस वाजवील."

मुकुंदनं टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर स्टुलावर ठेवला, रेकॉर्ड लावली आणि क्यासेट भरली. भरली म्हणजे सुरू करून ठेवली. ती भरत असताना घर काही थांबलं नव्हतं. मी आत निनादला भरवत होते. क्यासेट नीट भरली का ते कोणी ऐकून बघितलं नाही. खाली दिली.

चारपाच दिवसांनी मास्तरांनी आम्हाला बोलावणं पाठवलं. मी निनादला कडेवर घेतलं. मुकुंद आणि भावजीही खाली उतरले. अठरा माणसं भिंतीला टेकून बसली होती, परीक्षा देऊन आल्यासारखी.

"मुकुंदराव, लई आवगड चीज हाय बगा," मास्तर म्हणाले. "पन बसवली. दोनतीन शंका हायेत त्येवढ्या फेडा."

"विचारा."

"त्या माशाच्या गान्यात मधीच एक बारीक शिट्टी येती. तीन येळा. ती आमी पिपाणीवर घेतलीया. तीनच का चार?"

मुकुंदनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी तुरीची डाळ लावली होती.

"तीन," मी म्हणाले.

"तीन. लिहून ठिवायची गरज न्हाई, ध्यानात ऱ्हाईल. आता दुसरं. टिंग डिडी डुम चालू झालं, की बाईचा आवाज येतो. इंग्रजी हाय, शब्द काय उमगंना, पन चाल झकास हाय. ती म्या क्लारनेटवर घेतली. आयका."

त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. आणि त्यातून, अगदी स्पष्ट, पहिल्या अक्षरावर चढून शेवटी घसरत येणारी, माझ्या सासूबाईंची हाक बाहेर पडली: मुकुंदाऽऽ, दूध उतू चाललंय.

मुकुंद झटकन उठून उभा राहिला. मग भानावर येऊन बसला.

"बरोबर हाय न्हवं?"

"तंतोतंत," मुकुंद म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"तिसरं. हे टिंग डिडी डुम लई येळ चालतंय. आमी मोजलं न्हाई, वाजवत गेलो. आन् मग एक टक येतीया. टक आली की समदं गप. बरुबर?"

मी हळूच म्हणाले, "मास्तर, ती टक म्हणजे खरं तर..."

"थांब, वहिनी," भावजी म्हणाले. ते भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते. "मास्तर, सगळं पुन्हा एकदा वाजवा."

मास्तरांनी हात वर केला. आणि त्या बारा बाय वीसच्या खोलीत अठरा माणसांनी जेलीफिशला चहा पाजला. सतारीचं काम ट्रम्पेटनं, बुडबुड्यांचं खुळखुळ्यांनी. विनाकारण हसणाऱ्या माणसासाठी ठेवलेला एक माणूस नेमून दिल्याप्रमाणे हसला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. टिंग डिडी डुम सुरू झालं. सासूबाईंनी क्लॅरिनेटमधून हाक मारली. मी सगळा वेळ निनादकडे बघत होते. मोठा ढोल त्याच्यापासून हातभर अंतरावर. तो ढोलवाल्याच्या कोटाच्या सोनेरी बटणाकडे बघत होता, आणि लाळ गाळत होता.

टक कोणी दिलीच नाही, त्यामुळे गाणं कसंतरी विखरून संपलं. भावजींनी डोळे उघडले.

"मास्तर, यातला एक सूर जरी कमी झाला, तर मी घोड्यावर बसणार नाही."

"भावजी, त्यात घरातलं..."

"मला कळलंय वहिनी काय आहे ते," ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले. "तेवढंच नव्हतं माझ्या खोलीत."

मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. "टक कुनाची?" ते म्हणाले. "क्यासेटमदी टक वाद्याची न्हाई, बोटाची हाय. म्हंजे ती बँडवाल्यानं द्यायची न्हाई, घरच्यानं द्यायची. त्यो मान हाय."

आमच्याकडे एकदा एखाद्या गोष्टीला मान म्हटलं, की मग तिची सुटका नसते. कान पिळायचा मान, करवलीचा मान, तसा हा टकेचा मान. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सासूबाईंच्या कानावर गेली आणि त्यांनी निकाल दिला: टक नवरदेवाच्या थोरल्या भावानं द्यायची, आणि दिल्यावर मुलीकडच्यांनी त्याला टोपी द्यायची. वधूपिता आगटे वकील यांना तसा निरोप गेला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की टक म्हणजे काय. कोणी नीट उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी टोपी आणली.

रविवारी सकाळी लग्नाआधीचा परण्या निघाला. नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळात न्यायचं, तिथून मिरवत कार्यालयाच्या दारात आणायचं. मुहूर्त बाराच्या आतला. घराला कुलूप लावून सगळे बाहेर पडलो. सासूबाई जांभळ्या शालूत. मुकुंदच्या हातात टकेसाठी लाल फडकं गुंडाळलेली काठी. माझ्या कडेवर निनाद, त्याच्या डोक्याला कुंची, आणि माझ्या मुठीत त्याचा लाकडी खुळखुळा. तो खुळखुळा हल्ली माझ्या हातातून सुटतच नसे. संधी मिळाली की मी निनादच्या कानामागे तो वाजवायची.

देवळातून निघताना मी मुद्दाम मोठ्या ढोलाच्या शेजारून चालायला लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगणारच होते. पण मला त्यांच्या आधी कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

ढोल वाजला की माझ्या छातीत हादरा बसायचा, साडीच्या निऱ्या थरथरायच्या. रस्त्यावरची लोकं दुकानांतून बाहेर येऊन बघत होती. एक म्हातारे गृहस्थ शेजारच्याला म्हणाले, "हे कुठलं गाणं म्हणायचं?" शेजारचा म्हणाला, "नवरा अमेरिकेतला आहे. तिकडं असंच असतं." हसायला नेमलेला माणूस हसला. घोडीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, पण बिथरली नाही.

आणि निनाद माझ्या खांद्यावर गाल टेकून झोपेला आला होता. ढोल हातभर अंतरावर, आणि माझ्या बाळाच्या पापण्या जड झालेल्या. पुण्याला आता जायचं तरी कशाला, असं मला वाटलं. रस्ता नीट दिसेना झाला. मुंडावळ्यांतून भावजींनी मागे बघून माझ्याकडे हात हलवला, मी हसल्यासारखं केलं.

कार्यालयाच्या दारात पोचलो. आगटे वकील टोपीचं तबक घेऊन, त्यांच्या मंडळी ओवाळायचं घेऊन उभ्या. पिपाणीवर तीन शिट्ट्या झाल्या. टिंग डिडी डुम सुरू झालं. मुकुंदनं काठी सरसावली. मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं आणि सासूबाईंची हाक मारली. सबंध चौकाला ऐकू जाईल अशी.

सासूबाई गर्रकन वळल्या. आधी त्यांनी क्लॅरिनेटकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला.

"अगं बाई. दूध."

"काय झालं आई?"

"दूध राहिलं गं गॅसवर. विरजणाला म्हणून बारीक ठेवलं होतं. मुकुंदा, धाव. घर पेटेल. किल्ली घे, धाव."

"आई, टक द्यायचीय..."

"टक देतोस काय, घर जळतंय तिकडं."

मुकुंद धावला. नव्या धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्यात ती लाल फडक्याची काठी. कोपऱ्यावरून वळताना एका सायकलवाल्यानं त्याला वाट दिली, तेवढं दिसलं.

टिंग डिडी डुम, टिंग डिडी डुम.

मास्तर डोळ्यांच्या कोपऱ्यातून टकेची वाट बघत होते. टक येत नव्हती. बँड वाजवत राहिला. त्यांना तसंच शिकवलं होतं: टक येईपर्यंत वाजवायचं. ट्रम्पेटवाल्यांचे गाल फुगून टम्म झाले. घोडी त्या तालावर एकाच जागी पाय बदलायला लागली. भावजी घोड्यावर डोळे मिटून डोलत होते. त्यांना घाई नव्हती.

आगटे वकिलांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग माझ्या जवळ येऊन म्हणाले, "आणखी बरंच आहे का हे?"

"टक राहिलीय."

"मग द्या ना कुणीतरी."

"मान आहे तो. थोरल्या भावाचा."

"ते कुठंयत?"

"दूध बघायला गेलेत."

वकिलांनी टोपीचं तबक दुसऱ्या हातात घेतलं. कोर्टातही त्यांना असं उत्तर मिळालं नसावं. "मुहूर्त चाललाय हो," ते म्हणाले.

आतून गुरुजींचा आवाज आला. मग गुरुजी स्वतःच बाहेर आले, कानांवर हात ठेवून. सासूबाई रस्त्याच्या टोकाकडे मान उंचावून बघत होत्या, त्यांना यातलं काही सुचत नव्हतं. हसायला नेमलेला माणूस आपली पाळी कधी हे न कळून मध्येच थोडंसं हसला.

मी मास्तरांसमोर गेले. बोलून ऐकू येणं शक्य नव्हतं. मी स्वतःकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या: वहिनीला चालेल का? मास्तर विचारात पडले. क्लॅरिनेट हातात, मिशी घामानं भिजलेली, तरी त्यांनी मानाचा नीट विचार केला. मग डोळे मिटून मान हलवली. चालेल.

हातात काठी नव्हती. खुळखुळा होता. तोच उलटा धरला आणि ढोलाच्या कडेवर हाणला.

टक.

अठरा माणसं एकदम थांबली.

चौकात काहीच उरलं नाही. इतकं गप्प झालं, की घोडीच्या गळ्यातलं घुंगरू एकदा वाजलं ते सगळ्यांना ऐकू गेलं. मास्तरांचा हात वर होता. बुटाच्या टोकानं ते मनातल्या मनात मोजत होते. जेलीफिश तळाला पोचला होता.

माझ्या खांद्यावर निनाद दचकला.

हात, पाय, सगळं अंग. डोकं झटक्यात वर आलं. डोळे मोठे करून त्यानं ढोलाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा ढोलाकडे, त्याचं काहीतरी कोणी उचलून नेल्यासारखं. खालचा ओठ बाहेर आला. आणि त्या सगळ्या शांततेत त्यानं असा टाहो फोडला, की कार्यालयातली माणसं खिडक्यांशी आली.

मी त्याला घट्ट धरलं. गप्प करायचं सुचलंच नाही. तो पोटात होता तेव्हापासून त्याच्या खाली हा बँड वाजत होता. त्याच्या जगात आवाज ही भिंत होती, जमीन होती. ताटं वाजवून मी त्याला काय दाखवत होते? कोणी त्याची जमीन कधी काढून घेतलीच नव्हती, आणि आज काढली तर त्याला ते ऐकू आलं होतं.

मास्तरांचा हात खाली आला आणि सगळा बँड अंगावर कोसळला. निनाद तिथल्या तिथे थांबला. एक हुंदका दिला, माझ्या मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली आणि खांद्यावर गाल टेकला.

"वहिनी रडतेय," भावजी घोड्यावरून ओरडले. "बघितलंस आई? तिलासुद्धा कळलं हे संगीत."

मुकुंद परत आला तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. दूध उतू गेलं होतं, गॅस विझला होता, घर शाबूत होतं. मी त्याच्या कानात सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि अक्षता टाकायच्या म्हणून हातात घेतलेल्या सगळ्या समोरच्या आगटे वकिलांच्या डोक्यावर टाकल्या. टोपी शेवटी मला मिळाली. ती अजून कपाटात आहे.

जेवणं झाल्यावर मास्तर मला भेटायला आले. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"वैनी, रागवू नगा, पन एक सांगतो. पोरगं सुरात हाय. गळा चांगला हाय. पन दोन मात्रा आदी आलं."

"शिकवीन मी त्याला, मास्तर."

"शिकवा. गप बसायचं मोजायला लई आवगड असतंय."

सोमवारी पुण्याला गेलो तरीही. डॉक्टरांनी निनादच्या मागे घंटी वाजवली. त्यानं एकदा मागे पाहिलं, आणि पुन्हा पुढे बघायला लागला. "ऐकतो," डॉक्टर म्हणाले. "फक्त दखल घेत नाही. घराजवळ काही आवाज असतो का?"

"खाली थोडी वाद्यं वाजतात," मी म्हणाले.

पुढे आम्ही ते घर सोडलं. मुकुंदची बदली झाली, सासूबाई गेल्या. मागच्या वर्षी उंब्रजला एका लग्नाला गेले होते, निनादला घेऊन. तो आता चोवीस वर्षांचा आहे आणि पंखा लावल्याशिवाय झोपू शकत नाही. मांडवात पान खात उभे होतो. तेवढ्यात कोपऱ्यावरून वरात आली. लाल कोट. पुढे क्लॅरिनेट घेऊन दिलावर मास्तरांचा मुलगा, मिशी तीच.

पिपाणीवर तीन शिट्ट्या झाल्या. टिंग डिडी डुम. मग सासूबाईंची हाक आली, पहिल्या अक्षरावर चढून, शेवटी घसरत. माझा हात आपोआप पदराकडे गेला, भांडं उतरवायला जातो तसा. नवरदेवाच्या थोरल्या भावानं ढोलाला टक दिली आणि त्याला कोणीतरी टोपी घातली. कोणालाच त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या भागात तशी पद्धत आहे, असं शेजारची बाई मला समजावून सांगायला लागली.

सगळं गप्प झालं. आणि त्या गप्पपणात, दोन मात्रा आधी, क्लॅरिनेट तान्ह्या बाळासारखं रडलं.

"हे काय आहे?" निनादनं विचारलं.

"तू," मी म्हणाले.

पण तोपर्यंत बँड पुन्हा सुरू झाला होता, आणि निनाद वरातीबरोबर चालायला लागला होता. मी मागून हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

आता त्याचं मला काही वाटत नाही.